आधी वर्षाचा पगार, मग वेबसाइट

(वसंत व्याख्यानमालेत नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचे मिळून एक स्वतंत्र ऑनलाइन वृत्तपत्र निघावे, असे इथले तरुण पत्रकार बोलतात. निघावेच. पण त्याच्या भांडवलाचे काय? पैसा कोणाचा, यावर कोणती बातमी येणार नाही हे ठरते.

नांदेडकरांना हे नव्याने सांगायला नको. २००९ ची विधानसभा निवडणूक आठवा. भोकरचे उमेदवार असलेल्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे गुणगान करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. प्रकरण निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आयोगाने त्या उमेदवाराविरुद्ध दिलेला आदेश २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला.  समोर छापलेली बातमी आहे की जाहिरात, हा वाचकाचा संशय मात्र आजही गेलेला नाही.

त्याचे मूळ तालुक्यात आहे. किनवट, देगलूर, उदगीर, अहमदपूर इथल्या अनेक वार्ताहरांना मिळणारे मानधन नावापुरते असते. त्यांचे घर चालते जाहिरातीच्या कमिशनवर, म्हणजे पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीवर. ज्याच्याकडे दिवाळी अंकाची जाहिरात मागायची, त्याच्याच कारखान्याने उसाचे पैसे थकवले ही बातमी हा माणूस कशी लिहील? त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. आपण त्याला पगारच दिलेला नाही.

म्हणून खर्चाचा हिशेब पगारापासून मांडा. एक संपादक आणि दोन्ही जिल्ह्यांत दोन-दोन बातमीदार, म्हणजे पाच माणसे. प्रत्येकी सरासरी पंचवीस हजार धरले तर वर्षाचे पंधरा लाख होतात. प्रवास, कॅमेरा, सर्व्हर आणि वकील यांना आणखी तीन लाख धरा. एकूण अठरा लाख. दीड हजार वाचकांनी वर्षाला बाराशे रुपये दिले की ही रक्कम उभी राहते. ती बँकेत जमा झाल्याशिवाय पहिली बातमी टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यूट्यूबच्या व्ह्यूजवर पगार निघतील या भरवशावर तर मुळीच सुरू करू नये.

एकरकमी देणगीचे मोलही मी नाकारत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, त्यामागे शाहू महाराजांनी दिलेले अडीच हजार रुपये होते. ते नसते तर पाक्षिक निघणेच कठीण होते. पुढे बाबासाहेब शिक्षण पुरे करायला लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ते पाक्षिक बंद पडले. देणगीने सुरुवात होते. दरवर्षी टिकायला वर्गणीदार लागतात.

कायद्याचेही थोडे सांगतो. १ मार्च २०२४ पासून लागू झालेला नियतकालिक नोंदणीचा नवा कायदा छापील अंकांसाठी आहे. वेबसाइटला त्याखाली नोंदणी लागत नाही. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम मात्र पाहावे लागतात. वृत्त माध्यमांना परदेशी देणगी घेता येत नाही. डिजिटल वृत्त कंपनीत परदेशी गुंतवणूक २६ टक्क्यांपर्यंतच, तीही सरकारी परवानगीने. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून पैसे येतील असे धरून चालणाऱ्यांनी आधी त्यांचे नागरिकत्व विचारावे. भारतीय नागरिक असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्याचा ठरतो.

आणि एक अट. दहा हजारांवर रक्कम देणाऱ्या प्रत्येकाचे नाव वेबसाइटवर लावा, मग तो डॉक्टर असो, कोचिंग क्लासवाला असो की आमदार. कोणा एकाचा वाटा एकूण रकमेच्या दहाव्या हिश्शापेक्षा मोठा होऊ देऊ नका. चेक परत करावा लागला तरी चालेल.

इथे बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना महिन्याला शंभर रुपये जड नाहीत. हे तरुण तुमच्या दारी येतील तेव्हा सल्ला नंतर द्या, आधी वर्षाची वर्गणी द्या. आणि वर्षाअखेरीस त्यांच्याकडे जमाखर्च मागा.