नव्या हंगामाचे पंचांग

चैत्र प्रतिपदेला देवळाच्या ओसरीवर पंचांग वाचले जाते. नव्या संवत्सराचा राजा कोण, मेघांचा अधिपती कोण, धान्य स्वस्त होईल की महाग, हे माणसे कान देऊन ऐकतात. पाऊस पाडणे त्यांच्या हाती नसते, तरीही ऐकल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील चित्रवाणीच्या चाहत्यापाशीही असे एक वर्षफल असते. ते मे महिन्यात जाहीर होते आणि त्याचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते. उन्हाळा सरून शाळा उघडल्या, की कुटुंबे पुन्हा संध्याकाळी घरात जमतात. मोटारींचे नवे नमुनेही एके काळी याच सुमारास बाजारात येत. जाहिरातदाराला याहून चांगला मुहूर्त कोठून मिळणार?

मे महिन्यातील ती घोषणा मुळात चाहत्यासाठी नसतेच. एन.बी.सी., सी.बी.एस., ए.बी.सी. आणि १९८६ पासून फॉक्स, या प्रक्षेपणसंस्था न्यूयॉर्क येथे जाहिरातदारांना बोलावतात आणि येत्या हंगामाच्या मालिका त्यांच्यापुढे मांडतात. कोणत्या वारी, कोणत्या तासाला काय, याचा एक तक्ता निघतो. व्यापाऱ्यासाठी मांडलेला हा तक्ता चाहता मात्र कुंडलीसारखा वाचतो. ‘टीव्ही गाइड’ या साप्ताहिकाने १९५३ पासून नव्या हंगामाचा विशेषांक काढण्याची प्रथा पाडली, आणि तो अंक जपून ठेवणारे वाचकही निर्माण झाले.

चाहत्याची मते ठाम असतात. पुन्हा एक इस्पितळ आणि पुन्हा एक पोलीसचौकी म्हटले, की तो कपाळाला आठ्या घालतो, आणि पुढे तेच आवडीने पाहतो. नट मोठा पण लेखकाचे नाव अनोळखी, तर त्याला शंका येते. पण त्याची दृष्टी मालिकेपेक्षा तिच्या जागेवर अधिक खिळलेली असते. लोकप्रिय कार्यक्रमाच्या पाठोपाठ जागा मिळाली, तर मालिकेचे ग्रह उच्चीचे. समोरच्या संस्थेचा बलाढ्य कार्यक्रम त्याच तासाला असला, तर साडेसाती. आणि शुक्रवारची रात्र म्हणजे, त्याच्या हिशेबी, स्मशानयोग. तरुण मंडळी त्या रात्री घरात नसतात.

भाकिते चुकतातही, जाणत्यांची तर अधिकच. १९८२ साली सुरू झालेली ‘चिअर्स’ ही मालिका आरंभी प्रेक्षकसंख्येच्या यादीत तळाशी होती. ती अकरा हंगाम चालली. ‘साइनफेल्ड’चा १९८९ मधील पहिला नमुना-भाग चाचणीत प्रेक्षकांना आवडला नाही. संस्थेने त्यानंतर कसेबसे चारच भाग मागविले. त्याच मालिकेचा शेवटचा भाग १९९८ च्या मे महिन्यात साडेसात कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

अशा उदाहरणांनी चाहत्याला धीर येतो, पण खरा कौल त्याच्या मताने लागत नाही. तो मोजणीने लागतो. साठीच्या दशकात चित्रवाणीचा संच असलेली घरे पाच कोटींहून अधिक होती. नील्सन ही संस्था त्यांपैकी सुमारे बाराशे घरांतील संचांवरून साऱ्या देशाची आवड सांगे. शितावरून भाताची परीक्षा ही रीत शास्त्राला मान्य आहे आणि तिच्यात लबाडी नाही. पण शितावरून भात शिजला की नाही एवढेच कळते. पंगतीत भुकेलेला कोण आणि रिकामपणी बसलेला कोण, हे कळत नाही. संच चालू ठेवून विणकाम करणारी बाई आणि त्या एका तासासाठी आठवडाभर वाट पाहणारा मुलगा, दोघे मोजणीत सारखेच.

‘स्टार ट्रेक’च्या वेळी हा भेद उघडा पडला. अंतराळप्रवासाची ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एन.बी.सी.वर सुरू झाली. आकडे बेताचेच होते. दुसऱ्या हंगामात ती बंद पडणार अशी बोलवा उठली, तेव्हा जॉन आणि बीजो ट्रिंबल या दांपत्याने पत्रांची मोहीम उभारली. पत्रांचे ढीग येऊन पडले. १९६८ च्या जानेवारीत विद्यार्थी मशाली घेऊन संस्थेच्या दारापर्यंत चालत गेले. अखेर १ मार्च १९६८ रोजी, भाग संपताच, मालिका पुढे चालू राहील असे पडद्यावरूनच सांगण्यात आले. चाहते जिंकले होते. मग नवा तक्ता आला. ‘स्टार ट्रेक’ची वेळ होती शुक्रवारी रात्री दहा. खर्चालाही कात्री लागली. एकोणऐंशी भागांनंतर १९६९ मध्ये ती बंद झाली. पुढे स्थानिक केंद्रांवरील पुनःप्रक्षेपणांत, शाळेतून परतलेल्या मुलांच्या वेळेला, तिला तिचा प्रेक्षक सापडला आणि १९७९ मध्ये तिच्यावरून चित्रपट निघाला. मोजणीने जे नाकारले होते, ते दहा वर्षांनी खरे ठरले. तोवर कलावंत पांगले होते.

२००७ साली सी.बी.एस.ने ‘जेरिको’ बंद केली, तेव्हा चाहत्यांनी संस्थेच्या कार्यालयात सुमारे वीस टन शेंगदाणे पाठविले. मालिकेच्या शेवटच्या भागातील एका शब्दाचा तो चेष्टेखोर प्रतिध्वनी होता. संस्थेने सात भाग दिले. शेंगदाणे पुरेत, आता प्रेक्षक वाढवा, अशी विनंतीही केली. प्रेक्षक वाढले नाहीत आणि २००८ मध्ये मालिका संपली. यातून काही चाहते शहाणे झाले, म्हणजे सावध झाले. दुसरा हंगाम निश्चित झाल्यावाचून नव्या मालिकेत जीव गुंतवायचा नाही, असे ते म्हणू लागले. पण पहिला हंगामच कोणी पाहिला नाही, तर दुसरा यायचा कसा?

१ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे तेराही भाग एकाच दिवशी खुले केले. तेथे वार नाही, तास नाही, तक्ताही नाही. प्रक्षेपणसंस्थांचा हंगाम मात्र चालूच राहिला. २०२३ मध्ये मे महिन्यात लेखकांचा आणि जुलैत नटांचा संप सुरू झाला, तेव्हा त्या शरदऋतूत बरेचसे स्पर्धांचे कार्यक्रम आणि जुने भाग यांवर भागवावे लागले. लिहिलेल्या बहुतेक मालिकांचा हंगाम उगवला तो २०२४ च्या आरंभी. सप्टेंबरात रुसलेल्या चाहत्याने तेव्हा पुन्हा तक्ता पुढ्यात घेतला आणि आपली आवडती मालिका कोठे आहे हे पाहण्याआधी शुक्रवारच्या रकान्यावरून बोट फिरविले.