एक दाता, तीन अवयव
(बालाघाट जिल्ह्यातील ग्रामस्थ व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कावीळ हा शब्द आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात घरोघरी ठाऊक आहे. परंतु यकृताचा जुनाट विकार फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

यकृत निबर होऊन आक्रसले, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. काही रुग्णांत यामुळे फुप्फुसांतील रक्तवाहिन्याही अरुंद होतात, तेथील दाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो हा रक्तदाब नव्हे. चालताना धाप लागणे, पायांवर सूज, भोवळ ही त्याची लक्षणे होत. यकृताच्या रोग्याला धाप लागू लागली, तर अशक्तपणा समजून स्वस्थ बसू नये. हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी.

अशा रोग्याचे केवळ यकृत बदलणे नेहमीच शक्य नसते. फुप्फुसांतील सरासरी दाब पाऱ्याच्या ३५ मिलिमीटरहून अधिक असल्यास तो आधी औषधांनी उतरवावा लागतो. तो ५० च्या वरच राहिला, तर शस्त्रक्रियेत हृदय थकून प्राण जाण्याचे भय मोठे असते.

अशाच कोंडीत सापडलेल्या एका महिलेवर डिसेंबर १९८६ मध्ये इंग्लंडमधील पॅपवर्थ रुग्णालयात जॉन वॉलवर्क व रॉय काल्न यांनी हृदय, फुप्फुसे आणि यकृत यांचे एकत्र प्रत्यारोपण केले. जगातील ही अशी पहिली शस्त्रक्रिया. ती महिला पुढे दहा वर्षांहून अधिक काळ जगली. आज औषधे सुधारल्यामुळे इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. पण पडलीच, तर दाता कोठून आणावयाचा?

जिवंत नातेवाईक यकृताचा तुकडा देऊ शकतो. हृदय देऊ शकत नाही. ते सहसा मेंदूमृत व्यक्तीकडून मिळते. १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय-प्रत्यारोपण केले, तेव्हा मेंदूमृत्यूला आपल्याकडे कायद्याची मान्यता नव्हती. ती १९९४ च्या कायद्याने मिळाली. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी केल्यावरच मेंदूमृत्यू घोषित होतो, आणि त्यानंतरही कुटुंबाची संमती लागते. मध्यप्रदेश ज्या विभागात मोडतो, त्याचे अवयव-प्रत्यारोपण केंद्र आज त्याच केईएम रुग्णालयात आहे.

शरीराबाहेर काढलेले हृदय व फुप्फुसे सुमारे चार ते सहा तासच टिकतात. रुग्णालयाच्या दारात, शोकाच्या घडीला, विचार करण्यास सवड नसते. म्हणून माझी विनंती एवढीच, की आपली इच्छा काय आहे ते आज रात्री जेवताना घरच्या माणसांना सांगून ठेवा. शिक्षक बंधूंनी हा विषय पालकसभेत काढावा. आपल्या त्या एका वाक्यावर कोणा अनोळखी माणसाचा श्वास अवलंबून असेल.