मजुरी आणि मिळकत



मजुरी वेगळी आणि मिळकत वेगळी. काम केलं, पैसे हातात आले, ती मजुरी. घर, जमीन, दागिने, बँकेतली ठेव ही मिळकत. तिच्यातून कर्ज वजा करा, म्हणजे घराची खरी ऐपत कळते.

अमेरिका, जर्मनी या देशांत ही मोजणी झाली आहे. परदेशातून तिथे राहायला आलेल्या कुटुंबांची मिळकत तिथल्या मूळच्या कुटुंबांपेक्षा सरासरीनं कमी भरते. कारण उघड आहे. त्यांना तिथे वडिलांचं घर नसतं, आणि कमाईतलं काही गावी धाडावं लागतं.

आपल्या नवी मुंबईत देश एकच, पण इथेही मूळचे आणि बाहेरून आलेले आहेत. 1970 साली सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. मोबदला मिळाला तो शेताच्या भावानं. त्यात लग्नं लागली, घरं दुरुस्त झाली, उरलं ते रोजच्या खर्चात सरलं. लोकांनी पैसा उधळला असं काहीजण म्हणतात. त्यांना शेतकऱ्याचं घर माहीत नाही. शेत गेलं की घरचा तांदूळसुद्धा विकत आणावा लागतो.

मग मुंबईतून, घाटावरून नोकरदार आले. त्यांच्यापाशी इथे जमीन नव्हती, पण पगाराचा कागद होता. त्यावर कर्ज मिळालं आणि सिडकोची लहानशी जागा झाली. हप्ते फिटत गेले, जागेचा भाव चढत गेला. ज्याची जमीन होती, त्याला त्या चढत्या भावात वाटा नव्हता.

तो वाटा मागायला दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला. पाच माणसं गेली. पुढे साडेबारा टक्के योजना आली. तिचा हिशेब मांडून बघा. एकराचे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातले दीड गुंठे सार्वजनिक सोयींसाठी कापले. राहिले साडेतीन. पण हे साडेतीन शहरातले! ज्यांनी राखले, त्यांची घरं उभी राहिली. पुष्कळांनी मात्र ते लवकरच बिल्डरला देऊन टाकले.

बाहेरचा प्रत्येकजण मालक झाला असंही नाही. बांधकामावरचा बिगारी गावठाणातल्या चाळीत भाड्यानं राहतो, आणि चाळीचा मालक असतो इथलाच आगरी किंवा कोळी. पण कुटुंब वाढलं म्हणून गरजेपोटी बांधलेल्या अशा घराचा कागद पुष्कळदा धड नसतो. भाडं दरमहा येतं आणि मजुरीसारखं खर्चून जातं. त्याच घरावर कर्ज मागायला गेलं, तर बँकेचा साहेब आधी कागद मागतो.