विझलेला बंबखाना



आग विझवणाऱ्यांचे घर कोणी वाचवायचे, हा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो. प्रश्न गमतीचा वाटेल. पण मँचेस्टर शहराला तो सुमारे तीस वर्षे छळत होता.

मँचेस्टर हे कापसाचे शहर. जिथे कापडाच्या वखारींची दाटी, तिथे आगीचे भय पाचवीलाच पुजलेले. म्हणून १९०६ साली तिथे लंडन रोडवर मोठा बंबखाना उभा राहिला. लाल वीट, तीवर भाजलेल्या मातीची नक्षी, आणि त्याच मातीतून घडवलेल्या न्याय, अग्नी, जल यांच्या मूर्ती! मध्ये प्रशस्त अंगण. भोवती बंब, घोड्यांचे तबेले, जवानांची बिऱ्हाडे. शिवाय पोलीस ठाणे, बँक आणि अपमृत्यूंची चौकशी करणारे न्यायालयही. एक छोटे गावच म्हणा ना!

१९८६ साली बंब निघून गेले. इमारत १९७४ पासून संरक्षित वास्तूंच्या यादीत होती; पण यादीत नाव चढले म्हणून छप्पर गळायचे थांबत नाही. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरते, आतले लोखंड गंजून फुगते आणि बाहेरची नक्षी तडकते. नव्या मालकांच्या मनात हॉटेल काढायचे होते. ते काही झाले नाही. नगरपालिकेने सक्तीने ताबा मागितला, तर २०११ साली सरकारने नकार दिला.

तेव्हा नागरिक पुढे आले. त्यांनी मंडळ स्थापले, लोकमत जागे केले. पालिकेने पुन्हा कंबर कसली, आणि अखेर २०१५ साली इमारत विकली जाऊन जीर्णोद्धाराची वाट मोकळी झाली.

वास्तू म्हातारपणाने मरत नाही, ओसाडपणाने मरते. म्हणून दुरुस्तीच्या आधी तिला नवे काम शोधले पाहिजे.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी अग्निशमन दलाचे जवान धारातीर्थी पडले; त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी आपण अग्निशमन सप्ताह पाळतो. सप्ताह सात दिवसांत सरतो. आपल्या गावच्या जुन्या बंबखान्याकडे मात्र पावसाळ्यापूर्वी एकदा जाऊन यावे, आणि पन्हळ तुंबलेली दिसली तर पालिकेला तसे कळवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.