आहार आणि उतारवयातील दृष्टी



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त वाचणाऱ्या डोळ्यांविषयी दोन शब्द बोलावेत, असे मला वाटले. मी मराठीचा अध्यापक, वैद्यकाचा नव्हे. परंतु माझ्या वडिलांना मोतीबिंदू झाला तेव्हा गाजराच्या रसाने तो विरेल, या आशेवर आम्ही दोन वर्षे घालवली. त्या काळात त्यांचे वाचन सुटले. ती चूक आज सांगणे मी कर्तव्य समजतो.

झालेला मोतीबिंदू आहाराने जात नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय. मग आहाराचे काम कोणते? दृष्टिपटलाच्या मध्यावरील ज्या पीतबिंदूमुळे आपण बारीक अक्षर वाचतो, त्याला पिवळेपणा येतो तो ल्युटीन व झिॲक्सॅन्थिन या रंगद्रव्यांनी. शरीर ती स्वतः निर्माण करीत नाही; ती हिरव्या पालेभाज्यांतून मिळतात आणि तेलातुपासोबत नीट शोषली जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या २००१ मधील अभ्यासात, पीतबिंदूची झीज मध्यम अवस्थेला पोहोचलेल्या रुग्णांमध्ये ठरावीक जीवनसत्त्वे व जस्त यांच्या मात्रेने विकार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. मोतीबिंदूवर मात्र परिणाम दिसला नाही.

आपल्या खानवेल परिसरात पावसाळ्यात टाकळा उगवतो. शेवगा तर परसदारीच असतो. तेलाची फोडणी दिलेली अशी भाजी रोजच्या ताटात असावी, विडीचा धूर टाळावा आणि चाळिशीनंतर डोळे नियमित तपासून घ्यावेत. मोतीबिंदू निघालाच, तर शस्त्रक्रियेला विलंब करू नये.

ग्रंथ शतायुषी झाले. ते वाचणारी दृष्टीही आपण जपावी, एवढीच विनंती.