नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल



नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही, ही तक्रार मी नेहमी ऐकते. रॉ म्हणजे तयार फोटो नव्हे. सेन्सरने मोजलेले कच्चे आकडे. त्यांतला शून्य प्रकाश कोणता, रंग कसे जुळवायचे, हे सॉफ्टवेअरला प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे शिकवावे लागते. बरेच उत्पादक ही माहिती देत नाहीत. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून वर्षानुवर्षे ती फाइलींमधूनच उलगडली आणि आपला ‘डीसीरॉ’ सर्वांना खुला केला. आजही ‘डार्कटेबल’सारख्या मोफत सॉफ्टवेअरला कॅमेरामालक नमुना फाइल देतात, तेव्हाच काम पुढे सरकते.

तुमचा कॅमेरा नवा असेल तर नमुना जरूर पाठवा. आणि आजचे फोटो रॉसोबत जेपेगमध्येही ठेवा. पुढच्या मेळाव्यात ते उघडायला हवेत!