गेटिसबर्ग बघायचं तर ब्रायनच्या कुंपणापासून

(रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



भाषण ठोकायला मी उभा नाही. तुम्हीच म्हणालात, अमेरिकेला जाऊन आलास, काय बघितलंस ते सांग. आता पूल, पुतळे, टोलेजंग इमारती तुम्ही सिनेमात बघितल्यात. मी सांगतो एका रणमैदानाचं. पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग. १८६३ च्या जुलैत, १, २ आणि ३ तारखेला, इथं उत्तरेची आणि दक्षिणेची फौज भिडली. मेलेले, जखमी, कैद, बेपत्ता मिळून ५१ हजारांच्या आसपास माणूस. भांडण कशाचं? गुलामीचं. हे आधीच ठणकावून सांगतो, कारण त्या मैदानात दिवसभर फिरूनही हे न कळता माणूस परत येऊ शकतो. मी पहिल्या दिवशी तसाच आलो.

मैदान बघायच्या रीती पुष्कळ. स्वतःची गाडी असेल तर २४ मैलांचा रस्ता आखलेला आहे, १६ थांबे, तीनेक तास. बस आहे, सायकल आहे, घोडासुद्धा आहे. शिवाय परवाना असलेले गाइड. ही पद्धत १९१५ पासूनची, परीक्षा देऊन परवाना मिळतो. तो गाइड तुमच्याच गाडीचं स्टिअरिंग हातात घेतो आणि दोन तास तुम्हाला फिरवतो.

मी पहिल्या दिवशी बस धरली. स्वस्तात पडते. कुठली पलटण कुठल्या टेकडीवर, कुठला जनरल कुठं पडला, तोफा किती, सगळं चोख. दगडांची तर जत्राच. १३०० च्या वर स्मारकं. व्हर्जिनिया राज्याचं सगळ्यात भपकेबाज, १९१७ चं. वर जनरल ली घोड्यावर बसलेला. गुलामांच्या मालकांसाठी लढलेला सेनापती, आणि खाली लोक पोरंबाळं घेऊन फोटो काढतायत. मीही काढला, खोटं कशाला बोलू. पण बसमधल्या दोन तासांत ‘गुलाम’ हा शब्द मी मोजून एकदा ऐकला. जसे काही दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडले आणि मग झालं गेलं विसरले!

दुसऱ्या दिवशी म्हटलं, पायी जायचं. लीच्या पुतळ्यापासून समोरच्या टेकाडापर्यंत गवतातून वाट आहे, मैलभराला थोडी कमी. ३ जुलैला दक्षिणेचे बारा हजारांवर शिपाई इथूनच तोफांच्या तोंडी चालत गेले. चालताना कळतं की बसमधून सपाट दिसणारी ही जमीन सपाट नाही. खळगे आहेत. माणूस मधेच दिसेनासा होतो, मग एकदम वर येतो. आणि वर पोचलो की उत्तरेच्या फळीवरच, टेकाडाच्या माथ्याला, एक बुटकं, पांढरं, लाकडी घर.

ते अब्राहम ब्रायनचं. काळा माणूस, स्वतंत्र, स्वतःच्या १२ एकरांचा मालक. १८५७ साली घेतलेली जमीन. लढाई त्याच्या दारात झाली तेव्हा तो घरात नव्हता. बायकापोरं घेऊन पळाला होता. गावातले बहुतेक काळे पळाले होते. गोरे शेजारी तळघरात लपले, गोळी चुकवली की झालं. यांना तळघर पुरणार नव्हतं. कारण लीची फौज पेनसिल्व्हेनियात घुसली ती वाटेत काळी माणसं धरत, बांधून दक्षिणेला पाठवत. पळून आलेला गुलाम की जन्माचा स्वतंत्र, कोण विचारतो!

ब्रायन परत आला तेव्हा भिंतींना गोळ्यांची भोकं, कुंपण मोडलेलं, पीक तुडवलेलं, बाग गेलेली. त्यानं सरकारकडं नुकसानीचा अर्ज केला. १०२८ डॉलर. मिळाले १५.

पंधरा! आपल्याकडं झोपडपट्टी जळाली, पंचनामा झाला, मग हातावर काय टेकवतात ते इथं बसलेल्या निम्म्यांना ठाऊक आहे. त्या कुंपणाला टेकून मी बराच वेळ उभा होतो. पाय हलेनात.

पुढचं ऐका. मेलेले शिपाई जागोजाग उथळ खड्ड्यांत पुरलेले. उत्तरेच्या शिपायांना उकरून नव्या दफनभूमीत न्यायचं ठरलं. ठेका गोऱ्याचा, प्रेतामागं १ डॉलर ५९ सेंट. आणि कुजलेलं हातानं उचलायचं काम कुणाकडं आलं, हे तुम्हाला सांगायला नको. बेसिल बिग्ज नावाचा काळा शेतकरी आणि त्याची माणसं. ऑक्टोबर १८६३ ते मार्च १८६४, तीन हजारांवर प्रेतं. हे चालू असतानाच १९ नोव्हेंबरला लिंकन आला आणि दोन मिनिटांचं ते जगप्रसिद्ध भाषण केलं. त्यात ‘गुलामी’ हा शब्द नाही. लिंकनला मी लहान करत नाही. त्याच वर्षी १ जानेवारीला मुक्तीचा जाहीरनामा त्यानंच काढला होता. पण भाषण पाठ असणारे बिग्जचं नाव का सांगत नाहीत, हा माझा सवाल आहे.

आपला या मैदानाशी संबंध काय, असं कुणी विचारील. जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या सुटकेसाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच. आणि १९१३ च्या जुलैत लढाईच्या पन्नाशीला ५३ हजारांहून जास्त म्हातारे शिपाई इथं जमले, दोन्हीकडच्या गोऱ्यांनी दगडी भिंतीवरून हात मिळवले. प्रेसिडेंट विल्सन येऊन बोलून गेला, ज्याच्या सरकारी कचेऱ्यांत त्याच वर्षी काळ्या कारकुनांना वेगळं बसवणं सुरू झालं होतं. त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले, आणि तिथं स्तंभावरची नावं आपण बोटानं वाचतो. ती सवय घेऊन गेटिसबर्गला जा. म्युझियमपासून सुरुवात केलीत तरी हरकत नाही. २००८ चं हे म्युझियम गुलामीचा विषय टाळत नाही, हे कबूल केलं पाहिजे. गाइड घेतलात तर गाडीत बसतानाच सांगा: ब्रायनचं घर, आणि लाँग लेनवरची लिंकन सिमेट्री. मी तिसऱ्या दिवशी तेच केलं. गाइड म्हातारा, गोरा. क्षणभर माझ्याकडं बघत राहिला, मग काही न बोलता गाडी गावाकडं वळवली.

ती काळ्यांची दफनभूमी. १८६७ ची. उत्तरेच्या काळ्या पलटणींतून लढलेले तीसेक शिपाई इथं आहेत; देशासाठी लढले तरी मसणवटा वेगळाच. ब्रायन इथंच आहे. बिग्जही इथंच. दोन्ही बाजूंना घरं, कुणाचं तरी धुणं वाळत पडलेलं. गाइड टोपी काढून उभा राहिला. दोन तास भरून गेले होते, त्यानं घड्याळ बघितलं नाही.